दारावरची शिळा

"मोबाइल खिशात घाला. गावाचं नाव विचारू नका, उद्या तिथे तुमचीच जत्रा भरेल," उत्तमराव म्हणाले. लाइट गेली होती, म्हणून पोरं ऐकायला तयार होती.

चिखलीत प्रसेनजितचा फोटो स्टुडिओ आहे. उत्तमरावांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. दोन वर्षांखाली, मार्गशीर्षातल्या सोमवती अमावास्येला, तो बायकोला, समताला घेऊन उंद्रीकडच्या एका नावाजलेल्या हेमाडपंती देवळाकडे निघाला. देवळाच्या माहितीपुस्तिकेसाठी मागे चांदण्या असलेला फोटो हवा होता.

देऊळ चुन्याशिवाय उभं, दगडावर दगड. शिलालेखात राजा आहे, दाता आहे, राजाच्या आजोबांचे गुण आहेत. दगड उचलणारे नाहीत. कामकाज तेव्हाही नियमानुसारच चाले. गाव सांगतं, एका रात्रीत बांधलं. दारावरची शिळा बसवताना कोंबडा आरवला, आणि ती धरणारे तसेच राहिले.

"गाभाऱ्यात बॅटरी लावून उभी राह्य. अर्धा मिनिट. हलू नको, बोलू नको."

"लग्नात नवरीलेही असंच दटावता काय हो?" म्हणत समता आत गेली.

चांदण्या टिपायला अर्धा मिनिट उघडा राहणारा कॅमेरा बाहेर सुरू करून प्रसेनजित चौकटीच्या नक्षीवर उजेड फिरवायला दाराशी आला. अंधारातून कोणी म्हणालं, दमलेल्या आवाजात,

"हात लाव ना गा जरा."

आता, आपल्याकडे डोक्यावर भारा चढवायला कोणी हाक दिली, तर तू कोण असं आधी विचारत नाहीत. हात आधी जातो. त्याचाही गेला. उजवा. त्या हाताची करंगळी लहानपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेलेली.

तळवा शिळेला टेकला. आणि शेजारच्या कोणीतरी… आपले हात काढून घेतले.

वजन आलं.

खांदा वाजला. गुडघे वाकले. वरून कच गळली. शिळा सुटली तर छत येणार. छताखाली समता. ओरडावं, तर छातीत हवा नाही. आणि तिला तर त्यानेच सांगितलेलं… हलू नको.

आत बॅटरी स्थिर.

चांदण्या सरकल्या. उजाडलं. ऊन आलं. पुन्हा रात्र… किती वेळा, त्याला सांगता येत नाही.

समता…

ओठ हलले. आवाज नाही.

"झालं का हो? अर्धा मिनिट तं कवाच झाला!"

ती येत होती. शिळेखालून. एक पाऊल… अजून एक…

ती बाहेर आली.

वजन गेलं. शिळा कोणीतरी पुन्हा तोलून धरली.



"मंग?" पोरांतल्या सागरनं हळूच विचारलं.

"मंग काय? खांदा निखळला होता. डॉक्टर म्हणाले, काय उचललं बाप्पा येवढं? फोटो मात्र झकास आला."

प्रसेनजित परत तिकडे गेला नाही. उत्तमराव गेले, भर दुपारी. निवृत्त कारकुनाला खातरजमेची खोड असते. शिळेच्या खालच्या अंगाला, दगडात, तळव्याचा खळगा आहे. उजव्या. करंगळीची जागा कोरी.

आणि खळग्यात दगडफूल वाढलंय, एवढं पसरायला शंभरेक वर्षं घेणारं. जुनं, कडा काळ्या पडलेलं.