उत्तमचा बापूस

एक्क्याण्णवच्या जानेवारीत सरकारला जाग आली. समुद्रकाठच्या पाली गावाच्या वरच्या टेकडीवरच्या लष्करी कबरस्तानाला ‘राष्ट्रीय स्मारक’ अशी निळी पाटी लागली आणि सत्तेचाळीस वर्षं कुलूपबंद असलेलं फाटक आमच्यासारख्यांना उघडलं. उपकारच केले म्हणायचे!

मी मीरा रोडला राहतो, बँकेत आहे. रविवारी आयेला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन सकाळच्या बसनं गेलो. चव्वेचाळीस साली पलटणीची बोट खडकावर फुटली, त्यात माझा बाप गेला. ओळख न पटणारी प्रेतं घाईघाईत इथंच पुरली आणि घरच्यांना विचारून नावांचे दगड लावले होते. आयेला मोतीबिंदू झालाय. “डोले जायच्या आधी त्यांचं नाव बघू दे,” एवढंच तिचं मागणं.

दगड सापडला. त्यावर कोरलं होतं : उत्तम.

उत्तम मी आहे.

माझं डोकंच सणकलं. “आये, तेव्हा नावं लिहून घेणाऱ्या कारकुनाला तू काय सांगितलंस?”

“नवऱ्याचं नाव कसं घेऊ? मी बोलले, उत्तमचा बापूस.”

आणि त्या कारकुनानं अर्धंच लिहून घेतलं! वर्षाचं पोर मारलं, बापाला बेवारस केलं. पुन्हा विचारायची तसदी कोण घेतोय!

आठ वाजता राखणदार आला. हरिश्चंद्र, निवृत्त हवालदार, काखेत हजेरीबुक. रोज आठला सगळ्यांची हजेरी घ्यायची असा जुना हुकूम, तो रद्द करायला कुणी आलंच नाही म्हणे. एक नाव, थोडी शांतता, एक टिक. खालून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता.

मी पुस्तकात डोकावलो. माझ्या नावापुढे पानंच्या पानं लाल शाईत एकच शब्द : गैरहजर.

“मेलेला माणूस गैरहजर कसा असेल हो? शुद्धीत आहात ना?”

“साब, बाकी सब चुप रहते हैं. ये अकेला जवाब देता है.” त्यानं हाक मारली, “उत्तम!”

दगडाखालून दमलेला पुरुषी आवाज आला.

“न्हाय.”

मी दगडामागे धावलो. तिथं नुसतं वाळकं गवत होतं.

“काय थट्टा लावलीय ही?” मी ओरडलो. हवालदारानं लाल शाईत ‘गैरहजर’ लिहिलं.

आये दगडाशी बसली. डोक्यावर पदर घेतला आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव उच्चारलं.

“गोवर्धन.”

“हाय.”

ती रडली, मग हसली. हवालदारानं नव्या ओळीत गोवर्धन लिहून टिक केली.

“आता उत्तम खोडा,” मी म्हणालो.

“ऑर्डर के बगैर नाम नहीं कटता, साब.” आणि सवयीनं त्यानं परत हाक मारली, “उत्तम!”

मी जिवंत आहे, हे त्याला सुनवायला मी तोंड उघडलं.

“हाय.”

शाळेत ‘आहे’ म्हणायला शिकलो तेव्हाच सोडलेला घरचा शब्द.

त्यानं टिक केली.

मी स्मारकाच्या ऑफिसात अर्ज दिला. ऑफिसातला साहेब म्हणाला, नाव कमी करायचं तर उत्तमचा मृत्यूचा दाखला आणा. मी टेबलावर हात आपटला. जिवंत माणूस समोर उभा आहे, दिसत नाही? त्यानं फाईल मिटली.

तेव्हापासून रोज आठला, दाढी करताना, चहा पिताना, माझ्या तोंडून “हाय” निघतं. माझी बायको संपदा विचारते, कुणाला बोलताय? आये मात्र आठ वाजायला आले की चाचपडत येते आणि माझा दंड घट्ट धरून ठेवते.