शेवटच्या गाडीची काठी

गाडीला कुठला रंग दिला म्हणजे ती रस्त्यावर सुखरूप राहील, असं विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी गिऱ्हाइकाला असल्या गोष्टीत ओढत नाही. पांढरा घ्या, पिवळा घ्या, लांबून दिसतो, राखाडी टाळा, असं कुणीही सांगेल आणि त्यात खोटं काही नाही. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. आता सांगताना जीभ अडखळते. बसा त्या स्टुलावर. दिवा जवळ ओढून घेतो, वीज गेली की इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. आणि कोपऱ्यात कापड टाकलेली ती गाडी आहे ना, तिच्याकडे पाठ करून बसलात तरी चालेल.

ती माझ्या भाचीची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरत नाही. तलावापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात ती डॉक्टर आहे. सकाळी जाते, दिवेलागणीला परत येते. जायला-यायला रस्ता एकच, धरणाच्या भिंतीवरचा, आणि तोही इतका अरुंद की एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सुटतात. दोन्ही टोकांना फाटक आणि रखवालदार. एका बाजूचा रखवालदार चार-पाच गाड्या सोडतो आणि त्यातल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात एक लाल काठी देतो. ती काठी दुसऱ्या टोकाला पोचली की तिथल्या रखवालदाराला कळतं, भिंत मोकळी झाली. मगच तो आपल्याकडच्या गाड्या सोडतो.

ही काठीची पद्धत सुरू झाली ती माझ्या ताईमुळे.

ताई म्हणजे भिंगरीची आई. ती पलीकडे शिवणाचा वर्ग घ्यायची. त्या काळी रखवालदार नुसत्या गाड्या मोजायचा आणि दुसऱ्या टोकाला फोन करायचा. ताईची गाडी राखाडी होती. दुकानात दाजींनी पिवळी पसंत केली होती, पण आमची ताई म्हणाली, "राखाडीच घेऊ. मळखाऊ आहे." तिचे पडदे मळखाऊ, पोरीचे फ्रॉक मळखाऊ, उशांचे अभ्रे मळखाऊ. दाजी चिडवायचे, "मलासुद्धा मळखाऊ बघूनच पसंत केलंस ना?" त्यावर ती म्हणायची, "मग? अजून धुवायला टाकावं लागलं नाही." शिवाय पुरता काळोख पडेपर्यंत गाडीचे दिवे लावायचे नाहीत, ही तिची काटकसर. बॅटरी उतरते म्हणे.

त्या संध्याकाळी तलावावरून धुकं चढलं होतं. पलीकडच्या रखवालदाराने तीन गाड्या मोजल्या आणि तीन कळवल्या. तीन पोचल्या. इकडून ट्रक सुटला. ताई चौथी होती.

"मला दिसलीच नाही हो," तो रखवालदार पुढे कित्येक दिवस रडत सांगायचा. "धुक्याचा आणि गाडीचा रंग एकच..." ट्रकवालाही तेच म्हणाला. भिंगरी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

दाजींचं चष्म्यांचं दुकान आहे. जन्मभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस, आणि त्याची बायको कुणाला दिसली नाही म्हणून गेली. ते त्यांच्या काळजात रुतून बसलं. घरातली राखाडी वस्तू त्यांनी एकूण एक काढून टाकली. ताईचा फोटोसुद्धा कपाटात ठेवला, बघवत नव्हता. आणि 'मळखाऊ' हा शब्द त्या घरातून कायमचा गेला. पोरीसमोर तो कधी कुणी काढला नाही, मीही नाही. मला त्या शब्दानेच भडभडून यायचं.

भिंगरीला पलीकडे नोकरी लागली तेव्हा दाजींनी आकाशपाताळ एक केलं. पण पोरगी आईवर गेलेली, ऐकते कसली? शेवटी दाजी एका अटीवर तयार झाले. गाडी पिवळी हवी, आणि रंग मामाने स्वतःच्या हाताने द्यायचा. मी दिला. इतका पिवळा की भिंगरी म्हणाली, "मामा, ही गाडी आहे की लिंबू?" दाजी मात्र रस्त्याच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, "दिसते रे, दिसते!" त्यांना हसताना मी किती वर्षांनी पाहिलं.

मागच्या थंडीत भिंगरी एका सकाळी इथे आली. "मामा, मागून कोण घासून गेलं बघ. मला कळलंसुद्धा नाही."

मागच्या बंपरवर राखाडी रंगाचा एक पट्टा होता. दोन गाड्या घासल्या की एकीचा रंग दुसरीला लागतो, त्यात नवल काही नाही. पण मी तो राखाडी ओळखला. किंचित निळसर झाक असलेला. तो रंग कंपनीने फार थोडे दिवस काढला आणि बंद केला. ताईच्या गाडीच्या दारावर ओरखडा गेला होता तेव्हा तो मीच, इथेच, कालवला होता. असा रंग हात विसरत नाही.

पट्टा घासून काढला आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना बघायचं निमित्त करून तिच्याबरोबर गेलो.

परत निघालो तेव्हा उजेड मावळत होता. पाण्यावरून धुकं वर येत होतं, शेवाळाचा ओला वास सुटला होता आणि भिंगरीच्या कपड्यांना येणारा औषधांचा वास त्यात मिसळत होता. पलीकडच्या फाटकावर एक काटकुळा रखवालदार होता, नवाच. त्याने पुढच्या दोन गाड्या सोडल्या आणि आम्हालाही हात केला. काठी त्याच्या काखेतच होती.

"काठी द्या की," मी म्हणालो. "शेवटचे आम्हीच आहोत."

"मागे आहे ना गाडी," तो म्हणाला. "तिला देतो. तुमच्याबरोबरच्याच ना त्या बाई? रोज तुमच्या मागेच असतात. दिवे लावायला सांगा त्यांना, साहेब."

मी मान वळवून पाहिलं. मागे धुकं होतं. नुसतं धुकं...

"मामा, काय झालं?" भिंगरी म्हणाली.

"काही नाही. चल तू. सावकाश चल."

भिंतीवरून जाताना मी आरशातून नजर काढली नाही. धुक्यातला एक तुकडा जरा जास्त दाट होता. आम्ही हळू झालो की तो हळू व्हायचा. अलीकडच्या टोकाला पोचलो तर मिशीवाला रखवालदार हात पुढे करून उभा. "काठी?"

"मागच्या गाडीकडे आहे," भिंगरी म्हणाली.

मागून गाडी आलीच नाही. समोर ट्रक आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग खोळंबली. "हल्ली रोज हेच. काठी सकाळी फाटकाशी पडलेली सापडते," म्हणत मिशीवाल्याने पलीकडे फोन लावला. काटकुळ्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "बाईंच्या हातात दिली मी. काच खाली करून घेतली त्यांनी... हात फार गार होता हो..."

दोघे रखवालदार दोन टोकांनी बॅटऱ्या घेऊन चालत गेले आणि मधे भेटले. भिंतीवर काही नव्हतं. लोक हॉर्न वाजवून जीव खाऊ लागले, तेव्हा मिशीवाल्याने फाटक उघडलं आणि ट्रक सोडला.

हे दाजींना सांगावं की नाही, याचा मला घोर पडला. पण पोरीच्या जिवाशी खेळ नको म्हणून सांगितलं. मला वाटलं, मला वेड्यात काढतील. ते चष्मा पुसत बसून राहिले.

"दिवे लावले होते का तिने?" त्यांनी विचारलं.

"नव्हते, दाजी."

"आणि काठी आली नसताना ट्रक सोडला?"

"हो."

"म्हणजे परत..." ते म्हणाले. "परत सोडला रे तिच्या अंगावर..." आणि इतक्या वर्षांत न रडलेला तो माणूस माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. आमची ताई त्या भिंतीवरून अजून उतरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी आणि मी अलीकडच्या फाटकावर जाऊन उभे राहिलो. भिंगरी आली. पुन्हा तेच, काठी मागच्या गाडीकडे. मिशीवाला फाटकाकडे वळला तसे दाजी ट्रकसमोर जाऊन उभे राहिले.

"नाही सोडायचा," ते म्हणाले. "माझी बायको अजून भिंतीवर आहे."

ट्रकवाल्याने आधी शिव्या घातल्या. मग दाजींच्या तोंडाकडे पाहून त्याने इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न एकेक करून थांबले. भिंगरी गाडीतून उतरून माझा दंड घट्ट धरून उभी होती. पाण्याचा चुळचुळ आवाज तेवढा येत होता.

दाजी धुक्याकडे तोंड करून घरातल्या घरात बोलावं तसे बोलले, "अगं, दिवे लाव. बॅटरी उतरू दे. लाव दिवे, आणि ये."

पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग लांब, भिंतीच्या मध्यावर, दोन मिणमिणते ठिपके दिसले...

ते जवळ येत गेले. आवाज मात्र कसलाच नव्हता. अगदी जवळ येऊन ते विझले आणि गार हवेचा एक झोत आमच्यामधून निघून गेला. त्यात शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता. मिशीवाला "देवा" म्हणून खालीच बसला. लाल काठी फाटकाला टेकवून ठेवलेली होती, ओलीचिंब.

"आली," दाजी म्हणाले. "पोचली."

त्यानंतर भिंगरीच्या बंपरवर कधी पट्टा उमटला नाही. दाजींनी ताईचा फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावला. जेवू लागले, दुकानात गिऱ्हाइकांची थट्टा करू लागले. मला वाटलं, सुटलो.

इथेच गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला बिनघोर पिवळा रंग घ्या म्हणालो असतो.

थंडी सरली होती. धुक्याचं नाव नव्हतं, संध्याकाळचं लख्ख ऊन होतं. भिंगरी भिंतीच्या मध्यावर असताना समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याने ब्रेक लावले, तिने गाडी कठड्याला घासत नेली, आणि दोघांमध्ये हातभर अंतर राहिलं. पोरगी वाचली. काटकुळ्याने काठी तिच्या पुढच्या गाडीला दिली होती. ती पोचली आणि फाटक उघडलं.

मी तिरीमिरीत जाऊन त्याची गचांडी धरली. "शपथ घेऊन सांगतो साहेब, त्या गाडीच्या मागे कुणी नव्हतं. पिवळी गाडी? मला दिसलीच नाही हो..."

ट्रकवालाही म्हणाला, अगदी अंगावर येईपर्यंत रस्ता मोकळा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई मागे होती तोवर भिंगरी कधीच शेवटची नव्हती. रोज संध्याकाळी आई लेकीच्या मागे राहायची, काठी आपल्या हातात घ्यायची. आम्ही तिला सोडवली आणि पोरीची पाठ उघडी पडली. दाजींना हे मी सांगितलं नाही. पण ते आता फोटोसमोर उभे राहतात ते बघून मला वाटतं, त्यांना कळलंय.

त्यांनी भिंगरीचं गाडी चालवणं बंद केलं आणि गाडी इथे आणून लावली. "दुसरा रंग दे," म्हणाले. मी पिवळा खरवडून काढला आणि अस्तर मारून ठेवलं. अस्तर म्हणजे रंगाच्या खालचा पहिला हात. तो राखाडीच असतो, सगळ्या गाड्यांचा. दाजी रोज दुकान बंद करून येतात, रंगांचे नमुने दिव्याखाली धरतात, लाल, नारिंगी, पांढरा, पोपटी, आणि मला विचारतात, "यातला कुठला दिसेल रे? नक्की दिसेल असा कुठला?" मी हयातभर रंग कालवले. आता रोज रात्री नमुने गोळा करून परत डब्यात भरतो.

काल भिंगरी आली होती. ते कापड तिने बाजूला केलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टपावरून हात फिरवला. असं हात फिरवणं मी पूर्वी पाहिलंय. अंगठा आत दुमडून, कापडाचा पोत बघावा तसा.

"मामा," ती म्हणाली, "हाच राहू दे ना रंग."

"का गं?" मी विचारलं.

ती हसली.

"मळखाऊ आहे," म्हणाली.