तसबिरीमागचा पाव

मेणबत्ती विझव रे ओलेस, उगाच जाळू नकोस. हवाई हल्ल्याचा भोंगा थांबेपर्यंत या तळघरातच बसायचंय. तोवर पनासची गोष्ट सांगतो. पनास माझा शेजारी. खोटं बोलायची अक्कलच नाही त्याला.

रशियन चालून आले तसा त्याचा एकुलता एक मुलगा लुक्यान आपणहून फौजेत गेला. निघताना, आपल्या रीतीनं, आईच्या हातच्या पावाचा त्यानं एक लचका तोडला. पुढचा दात अर्धा तुटलेला, म्हणून पावावर मधोमध एक कंगोरा राहिला. मोत्र्यानं, म्हणजे त्याच्या आईनं, तो पाव भरतकामाच्या पंच्यात बांधून देवाच्या तसबिरीमागं ठेवला. उरलेला पोरानं परत येऊन खायचा. दुसऱ्या कुणी तोंड लावलं, तर पोरगा गेलाच म्हणायचा. पनास मात्र अंगणात लाकडं फोडत राहिला. पोराला म्हणाला, "फौजेत नाव घालताना बापाला विचारलंस का? मग आता निरोप कसला मागतोस?"

त्याच हिवाळ्यात मोत्र्या वारली. शेवटचं तोंड पाहायला पोराला रजाही मिळाली नाही.

पुढच्या वर्षीचा द्मित्रोचा शनिवार. पितरांना पान वाढायची रात्र. वीज गेलेली, आणि लुक्यानचा बरेच दिवस फोन नाही. पनासनं मोत्र्याचं पान वाढलं, दाराला कुलूप घातलं आणि माझ्या जनरेटरवर फोन चार्ज करायला आला. अकराच्या सुमारास परत निघाला. माझा कुत्रा सोबत गेला. पनासच्या फाटकाशी मात्र खाली बसला. पुढं येईना.

"आजोबा, कुत्र्यालाही साक्षीला आणलंत?"

गप रे ओलेस. त्याला तुझ्याहून जास्त कळतं.

खिडकीत उजेड होता... कुलूप तसंच.

पनासनं दार उघडलं. तसबिरीखाली स्टुलावर कुणीतरी उभं. पाठमोरं. हातात पंचा... गाठ सोडत होतं.

"ठेव तो," पनास कसाबसा बोलला. "माझ्या पोराचा आहे. पाया पडतो तुझ्या."

हात थांबले नाहीत.

मग त्याला शाल दिसली. काळी. कडेला ठिगळ. शवपेटीत मोत्र्याच्या अंगावर त्यानंच घातली होती.

"मोत्र्या..."

"गप बसा जरा. पोराला भूक लागलीय."

उजेड गेला.

पनास रात्रभर भिंतीला टेकून बसला. तसबिरीकडं जायची छाती होईना. पोरगा गेला, असंच त्याच्या मनानं घेतलं. उजाडताना फोन वाजला.

"बाबा... ढिगाऱ्याखाली अडकलो होतो. आत्ताच काढलं पोरांनी. रात्री... हसू नका हं. आईनं भरवलं मला."

पनास म्हणाला, "चुकलं माझं. ये रे लेकरा घरी. दार उघडंच ठेवतो."

नंतर त्यानं पंचा खाली काढला. गाठ मोत्र्याच्याच हातची, जशीच्या तशी. पाव वाळून दगड झालेला. पण त्यावर दुसरा लचका होता. मधोमध तोच कंगोरा... आणि तेवढीच जागा ओली.

बरा होऊन लुक्यान पुन्हा आघाडीवर गेला. पाव तसबिरीमागंच आहे. परवा मी त्या लचक्याला बोट लावून पाहिलं.

अजून ओला आहे.