पाहणीच्या सकाळी गेलेलं यंत्र

रसायन विभागातलं सगळ्यांत महागडं यंत्र ऐन पाहणीच्या सकाळी गायब झालं, आणि फौजदारांना जिन्यावरूनच हाक आली.

फौजदार म्हणजे विद्यापीठाचे सुरक्षा अधिकारी. पोलिसातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ही नोकरी त्यांना मिळाली ती वहिनींच्या शब्दावर. थोरल्या भावाची बायको, रसायन विभागाची प्रमुख. फौजदारांचं बिऱ्हाडही वहिनींच्याच घराच्या वरच्या मजल्यावर होतं.

क्रमवारी ठरवणारी समिती खाली कुलगुरूंच्या दालनात बसली होती. यंदा तिने नवाच खाक्या काढला होता. दोन तुकड्या केल्या होत्या: एक इथे, दुसरी त्याच वेळी शेजारच्या शहरातल्या सरकारी विद्यापीठात. दरवर्षी या दोघांत पायरी वर की खाली यावरून रस्सीखेच चाले. आता तुलना एकाच दिवशी होणार होती.

प्रयोगशाळेच्या खिडक्या पक्क्या काचांच्या. वातानुकूलन बंद पडलेलं. दार वहिनींनी आतून लावून घेतलेलं, म्हणजे बातमी फुटायला नको. फौजदारांचा जीव गुदमरायला लागला. एका कोपऱ्यात रिकामं टेबल, त्याच्यामागे गुळगुळीत पिवळी भिंत. पाहणी आली की इमारतीला रंग, हा इथला रिवाज. रंगारी मागच्याच महिन्यात येऊन गेले होते, आणि वाटेत आलेला खिळासुद्धा त्यांनी सोडला नव्हता.

फौजदारांनी पंखा मागवला. खोलीत सॉकेट एकच, त्या टेबलामागचं. प्लग त्यात जाईना. शेवटी वहिनींनी व्हरांड्यातून वायर ओढली आणि घाई करायला सांगितलं.

"यंत्र शेवटचं कधी चाललं?" फौजदारांनी विचारलं.

"काल संध्याकाळी. मुलं काम करत होती."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक रखवालदाराकडे. भावोजी, मी तरी दुसरं काय समजायचं?"

रखवालदाराला खालच्या खोलीत कोंडलं होतं. गडी शपथेवर सांगत होता की रात्रभरात दारातून काडीही बाहेर गेली नाही. वहिनींना त्याच्या नावाचा चोरीचा अहवाल हवा होता, समिती वर यायच्या आत. नियमच तसा होता: यंत्र चोरीला गेल्याचा अहवाल असला की गुणांसाठी ते आहे असंच धरत. फौजदारांनी सही केली की पोलीस येणार आणि रखवालदाराला घेऊन जाणार, एवढं सरळ होतं.

त्यांनी व्हरांड्यातल्या एका विद्यार्थिनीला आत बोलावलं.

"यंत्र सुरू असताना आवाज येतो का गं?"

मुलीने आधी वहिनींकडे पाहिलं. "नाही सर. म्हणजे, आम्ही हात लावत नाही. पांढरे कोट घालून शेजारी उभं राहतो."

मग शिकता कशावर, असं विचारल्यावर मात्र पोरीचा चेहरा खुलला. साध्या परीक्षानळीत पाण्यातलं विष कसं ओळखायचं ते ती भडाभडा सांगत सुटली. मॅडमनीच शिकवलं होतं. फौजदारांना ऐकताना वहिनींचा अभिमान वाटला आणि नजर पुन्हा त्या सॉकेटकडे गेली.

ते बाहेर जाऊन एक फोन करून आले. मुलीला पाठवून दिलं आणि दार पुन्हा लावलं.

"वहिनी, चोरी झालेलीच नाही," ते म्हणाले. "त्या सॉकेटच्या भोकांत रंग वाळून दगड झालाय. महिनाभरात तिथे काहीच लागलेलं नाही, मग काल यंत्र कशावर चाललं?"

वहिनींनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली.

"मुलं त्याच्याजवळ फक्त उभी राहतात, तीही समितीपुढे. आधी समिती एकीकडे जायची, मग दुसरीकडे. मधल्या दिवसांत यंत्र गाडीत घालून हलवता येई. यंदा दोन तुकड्या एकाच वेळी आल्या आणि सगळं गळ्याशी आलं. शेजारच्यांचा सुरक्षा अधिकारी माझा जुना सहकारी आहे. यंत्र त्यांच्याकडेच आहे, गेल्या पाहणीपासून. मी त्याला यंत्रावर चिकटवलेलं बोधचिन्ह नखाने सोलायला सांगितलं. त्यांच्या खाली आपलं निघालं, आपल्या खाली पुन्हा त्यांचं."

"दोघांनी मिळून घेतलं होतं," वहिनी स्टुलावर बसत म्हणाल्या. "दोघांनीही आपलंच म्हणून दाखवलं. भावोजी, त्या पोरीचं ऐकलंत ना? माझी मुलं कुणालाही पाणी पाजतील. पण ते मोजायला रकाना नाही. रकाना यंत्राला आहे. खाली घसरलो की विभाग बंद. मी पुरती कात्रीत सापडले होते."

"सापडला होतात, कबूल. पण मान रखवालदाराची पुढे केलीत."

पोलिसात असताना फौजदारांनी कितीतरी चोर पकडले होते, पण ज्या माणसाचं मीठ खाल्लं त्याला असं कधी विचारावं लागलं नव्हतं. अहवालाचा कोरा कागद टेबलावर तसाच पडून होता.

"मी सांगू समितीला, की तुम्ही सांगता?"

वहिनींनी उठून स्वतःच दार उघडलं आणि त्या खाली गेल्या. फौजदार मागोमाग गेले.

समितीच्या अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे यंत्र नाही," एवढंच ते म्हणाले आणि एका ओळीवर काट मारली. ते विद्यार्थ्यांना भेटले नाहीत. वहिनी तिथेच उभ्या राहिल्या.

फौजदार तळमजल्यावरच्या खोलीशी गेले. त्यांनी कडी काढली. रखवालदार भिंतीला टेकून बसला होता. त्याने आधी बाहेरच्या उजेडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"साहेब, चोर सापडला का?"

"सापडला," फौजदार म्हणाले. "आमच्या घरचाच आहे."