अकराव्या मजल्यावरचा सहावा प्रश्न

प्रश्न १. तुमचा व्यवसाय?

उंच इमारतींच्या काचा पुसते. बाहेरून, दोरावर बसून.

अकराव्या मजल्यावर फेस निपटला आणि आत तो दिसला... खिडकीकडे पाठ करून बसलेला. मी टकटक केलं. तो खुर्चीसकट दचकला! मग हसला, पण खिडकीपासून चार हात लांब राहूनच.

दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘गुंतवणूक सल्लागार’. ते मी नंतर वाचलं, लिफ्टने वर गेल्यावर. साठवलेले पैसे होतेच; आता निमित्तही होतं. त्याने प्रश्नांचा फॉर्म पुढे ओढला.

प्रश्न २. रक्कम कधी लागेल?

“दोन वर्षांनी. मामांच्या हाताखाली किती दिवस राहू? स्वतःची टीम काढायचीय.”

प्रश्न ३. गुंतवणूक वीस टक्के घसरली तर? (अ) काढून घेईन (ब) थांबेन (क) आणखी घालीन

त्याने पेन्सिलने ‘क’वर खूण केलीसुद्धा.

“अहो, मला विचारा की!”

“तुम्ही दोरावर लटकता... तुम्हाला कसली भीती? सगळे शेअरमध्ये घालू.”

“एका दोरावर मी कधीच लटकत नाही. दोन असतात. एकावर काम, दुसरा पहिला तुटला तर. गाठी मी बांधते, मामा तपासतात. मग मामांनी नीट तपासलं का, ते मी तपासते.”

तो कानापर्यंत लाल झाला आणि खोडरबर शोधू लागला.

“आणि तुमची खिडकीकडे पाठ का?”

“मला... उंचीची भीती वाटते. नोकरी तळमजल्यावर मिळाली असती तर—”

“—तर मी दिसले नसते.”

खोडरबर खाली पडलं.

शेवटी ठरलं : बहुतेक पैसे मुदत ठेवीत, चिमूटभर शेअरमध्ये.

“ते चिमूटभर बुडाले तर?”

“टीमसाठी एक बादली कमी घ्या.”

प्रश्न ४. गुंतवणूक किती वेळा तपासाल?

वर्षातून एकदा पुरे, असं तो म्हणाला. मी दर मंगळवारी गेले.

“ठेव काय अंडी घालते का गं?” मामा म्हणाले.

प्रश्न ५. मोठं नुकसान सोसलंय का?

सातव्या मंगळवारी त्याची खुर्ची रिकामी होती. माझ्या नावाची चिठ्ठी होती : ‘तुमची फाइल यापुढे मोठ्या मॅडम पाहतील.’ बस्स, एवढंच. कारण नाही.

पैसे सुरक्षित होते. पण इतके मंगळवार मी एकाच दोरावर होते... आणि गाठ कुणी तपासलीच नव्हती.

प्रश्न ६.

महिन्याने पुन्हा तीच इमारत. अकराव्या मजल्यावर मी फेस मुद्दाम जाड लावला. नकोच दिसायला तो!

आतून टकटक.

मी फेस निपटला. तो काचेला अगदी चिकटून उभा होता. डोळे घट्ट मिटलेले आणि दोन्ही हातांनी एक कागद काचेवर दाबून धरलेला :

‘ग्राहकाच्या प्रेमात पडलेल्या सल्लागाराने सल्ला देऊ नये. म्हणून फाइल दिली. आता विचारतो, माझ्याबरोबर चहाला याल? (अ) नाही (ब) विचार करून सांगते (क) हो’

वरून मामा ओरडले, “काच पुसतेस की वाचतेस?”

दोर दोन्ही घट्ट होते. मी पुन्हा एकदा ओढून पाहिले. मग बोटावर फेस घेतला आणि ‘क’समोर खूण केली. टकटक केलं.

त्याने डोळे उघडले. आधी खूण पाहिली, मग मला.

खाली बघून घाबरायचं तो विसरूनच गेला.