शोकघरातला कॉल

सरका जवळ. शेगडीत लाकूड टाका आणि मिरो, तू ते फिदीफिदी हसणं बंद कर. ही रास्त्योची गोष्ट आहे. स्पीकर बसवायला तो माझ्याच हाताखाली शिकला. ऐकीव असती तर मी तोंड उघडलं नसतं.

तीन वर्षांमागची, तेरा डिसेंबरची, लुसियाच्या सणाची संध्याकाळ. वर ओरावाच्या डोंगरांत, लेहोतका गावच्या सरपंचांनी, ड्राहोशनी, त्याला बोलावलं होतं. दफनभूमीला लागून शोकघर आहे, अंत्यविधीपर्यंत शवपेटी तिथं ठेवतात. तिथल्या भिंतीवर स्पीकर बसवायचा आणि त्याला इंटरनेटवरून फोन घेता यावा अशी सोय करायची. मग सरपंच कचेरीतून फोन लावणार, शोकगीत इकडे वाजणार.

"दारातली ती वीट हलवू नकोस हं," ड्राहोश म्हणाले. "दाराला आतून मूठ नाही."

"का?"

"आतल्यांना कुठं बाहेर जायचं असतं रे?" आणि स्वतःच खो खो हसले. मग विटेकडे बघितलं. "वीट हर्मिनाआजीनं ठेवलेली. इथली झाडलोट तीच करायची. लुसियाचं सोंगसुद्धा दरवर्षी तीच घ्यायची. पांढरी चादर, तोंडाला पीठ, हातात हंसाचं पीस. घरोघरचे कोपरे झाडायची, घरातली पीडा बाहेर काढायची, पण शब्द बोलायची नाही. ईस्टरला गेली बिचारी. यंदा कुणी निघणार नाही. पोरींना पीठ फासायची लाज वाटते."

"आणि कचेरीतला फोन?"

"इथलं झालं की तोही लाव. किल्ली पायपुसण्याखाली आहे. मी लेकीकडे चाललो, सकाळी भेटू."

रास्त्योनं स्पीकर टांगला, लॅपटॉपवर पत्ता भरला, नंबर भरला, पासवर्ड भरला. कॉल आपोआप उचलायचा, असं स्पीकरला सांगून ठेवलं. गावातली कार्टी खोड्या काढतील म्हणून आणखी एक केलं, कचेरीच्या नंबराशिवाय दुसरा कुठलाच नंबर घ्यायचा नाही. हिरवा दिवा लागला. गडी खूश झाला.

तोवर बाहेर अंधार पडला होता. वारा सुटला. दार विटेवर आपटायला लागलं.

लुसियाच्या रात्री दार उघडं ठेवायचं नाही, हे आपल्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. नाहीतर चेटकीण आत येते. रास्त्यो स्वतःच्या आजीच्या हाताखाली वाढलेला. काही विचार न करता त्यानं पायानं वीट सारली आणि दार ओढून घेतलं.

खट्.

मग त्याला मूठ आठवली.

ढकललं. लाथा घातल्या. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला, तो वाकला. दार लोखंडी. मोबाईल गाडीत, चार्जिंगला. लॅपटॉपनं थंडीत मान टाकलेली. स्पीकर तेवढा चालू होता, पण तो फोन घेणारा, लावणारा नव्हे. ओरडून ओरडून घसा बसला. शोकघराला शेजार कुठला? हळूहळू बोटं बधिर झाली. सकाळपर्यंत आपण टिकत नाही, हे त्याला स्वच्छ कळलं आणि तो लहान पोरासारखा रडला. मला त्यानंच सांगितलं, लपवलं नाही.

तेवढ्यात स्पीकर टिकटिकला. कॉल उचलला गेला.

"सरपंच! मी आत अडकलोय! दार उघडा!"

...

"ड्राहोशकाका?"

सर्र... सर्र... पिसानं भिंत झाडावी तसं.

"चेष्टा पुरे झाली! मरेन ना मी इथं! कोण आहे?"

आवाज थांबला. बराच वेळ. मग पुन्हा... सर्र...

आणि त्याला आठवलं. हा स्पीकर फक्त कचेरीचा नंबर घेतो. कचेरीचा फोन अजून लावलेलाच नाही. तो गाडीत होता. खोक्यात. सीलबंद.

लुसियाशी बोलायचं नसतं. ती झाडत असताना गप्प उभं राहायचं. तो तर नाव विचारून बसला होता.

सर्र... आता आवाज स्पीकरमधून नव्हता. समोरच्या कोपऱ्यातून होता. मग दुसऱ्या... मग तिसऱ्या... रास्त्यो चौथ्यात. दाराशी. पाठ भिंतीला. डोळे मिटलेले.

कपाळावरून काहीतरी मऊ फिरलं. मग गालावरून. मग हनुवटीखालून...

ओठावर आईचं नाव आलं. त्यानं गिळलं.

खट्.

तोंडावर गार वारा आला. दार सताड उघडं होतं. वीट जागेवर होती.

त्यानं जी गाडी हाणली, ती खाली शहरातल्या पेट्रोल पंपाच्या उजेडात आणून थांबवली. तिथून मला फोन केला. मी गेलो. खोकं मी स्वतः हातात घेतलं. कारखान्याची चिकटपट्टी चारी बाजूंनी शाबूत होती. माझ्याच चाकूनं मी ती कापली.

आत रिसीव्हर. बोलायच्या बाजूला छिद्रं असतात ना, ती पिठानं भरलेली. मी बोट लावलं.

पीठ ओलं होतं... आणि कोमट.