मागे बसून राहिलेली दोघं

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सगळं चर्च उठून प्रभुभोजनाला पुढे गेलं आणि मागे राहिलो आम्ही दोघंच. बायकांच्या बाजूला मी, पुरुषांच्या बाजूला तो. मधली बाकं सगळी रिकामी.

आमच्या नाशकातल्या शरणपूरच्या पाळकसाहेबांची शिस्त कडक. कुणाबद्दल मनात अढी असेल तर आधी जाऊन मिटवा, मग भाकर आणि प्याला घ्या. नाहीतर गुपचूप जागेवर बसा. त्यामुळे महिन्यातून एकदा साऱ्या मंडळीला कळायचं, सध्या कोण कुणावर फुगलंय. हे अठ्ठ्याहत्तर सालचं. मी चोवीस वर्षांची, शाळेत शिकवत होते, आणि शेजारच्या वत्सलाकाकूंवर मनापासून चिडले होते. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना काकूंनी सांगितलं होतं, पोरगी गुणाची आहे, पण जिभेला हाड नाही. स्थळ मोडलं. त्याचं दुःख नव्हतं हो, मुलगा यथातथाच होता. पण माझ्या जिभेची चौकशी यांना सांगितली कुणी?

तर मी गाल फुगवून बसले होते आणि तो माझ्याकडे बघत होता. उंच, शेलाटा, शर्टाच्या बाहीवर शाईचा डाग. मी डोळे वटारले. त्यानं पटकन मान खाली घातली... आणि हसला. मेला हसला चक्क!

उपासना संपल्यावर बाहेर चिंचेखाली त्यानं मला गाठलंच. नाव सीलास उजगरे, मूळचा येवल्याचा, इथे छापखान्यात कामाला. दवाखान्यात शेजारचा पेशंट विचारतो ना, तसं त्यानं विचारलं,

"तुमचं कोणावर?"

"वत्सलाकाकूंवर. तुमचं?"

"धाकट्या भावावर." तो बाहीवरचा डाग नखानं खरवडायला लागला. "मे महिन्यात वडील गेले. दफन उरकल्यावर मला तार मिळाली. मूठमाती द्यायलासुद्धा मी नव्हतो."

 

सप्टेंबरात परत आम्ही दोघंच मागे. मग तो सायकल हातात धरून आमच्या कोपऱ्यापर्यंत चालत यायला लागला, दर रविवारी. मी शाळेतल्या गमती सांगायची, तो ऐकायचा. आज तुम्ही डोळे वटारले नाहीत, तब्येत बरी आहे ना, असं साळसूदपणे विचारायचा. मी रागावले की त्याला फार बरं वाटायचं. मलाही वाटायचं, कशाला खोटं बोलू.

त्याच महिन्यात आईला कावीळ झाली. पंधरा दिवस वत्सलाकाकूंनी पेज केली, आईचे कपडे धुतले, माझा डबा भरला. सोळाव्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, काकू, चुकले. त्या रडल्या, मी रडले, आणि डोळे पुसता पुसता त्या म्हणाल्या, जीभ मात्र आवर बाई. झालं, मिटलं.

ऑक्टोबरचा पहिला रविवार आला. मी उठले. पलीकडे तो एकटाच बसलेला, माझ्याकडे बघणारा... आणि मी खाली बसले. घरी सांगितलं, हेडबाईंशी वाजलंय. हेडबाई बिचाऱ्या गायीसारख्या गरीब. देवाच्या घरात मी खोटा राग धरून बसले होते, आणि नोव्हेंबरातही बसले.

त्या नोव्हेंबरच्या रविवारी चिंचेखाली त्यानं खिशातून पोस्टकार्ड काढलं. भावानं लिहिलं होतं, दादा, नाताळाला घरी ये, तुझ्याशिवाय घास उतरत नाही.

"नाही जाणार," सीलास म्हणाला. "तुम्ही एका बोलण्यावरून काकूंना इतके महिने माफ केलं नाही. माझा तर बाप गेलाय. तुम्ही समोर बसता ना, मला बळ येतं. वाटतं, आपलं बरोबर आहे."

 खरं सांगावं तर हा येवल्याला जाणार, घरदार तिकडे, परत येईल न येईल. वर मी खोटारडी ठरणार. न सांगावं तर इथेच राहील, दर रविवारी दिसेल, पण भाऊ तुटेल, आणि तोही माझ्या जिवावर. ते काही मला सोसवेना.

"माझं काकूंशी केव्हाच मिटलंय," मी म्हटलं. "सप्टेंबरातच."

"मग तुम्ही का बसता?"

"तुम्ही एकटे बसता म्हणून." आणि आता एवढं बोललेच आहे तर, "मला तुम्ही आवडता म्हणून."

त्याचा चेहरा लाल झाला. म्हणजे मी तुमच्या खोट्या रागाच्या भरवशावर... एवढंच बोलला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, रजा टाकून येवल्याला गेलाय.

महिनाभर एक ओळ नाही. आधी मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, मग उशी ओली केली, मग परत शिव्या.

डिसेंबरचा पहिला रविवार. मंडळी उठली, मी बसून राहिले. या वेळी खोटं नव्हतं. एका माणसाच्या मनात माझ्याबद्दल अढी होती आणि ती मी काढू शकले नव्हते. एवढ्यात पुरुषांच्या रांगेतून तो निघाला आणि सगळ्यांच्या देखत मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला आला.  दाराशी त्याच्याच तोंडवळ्याचा एक तरुण उभा होता.

"भावाशी मिटलं," तो माझ्या बाकाशी थांबून हळूच म्हणाला. "तार त्यानं केलीच नव्हती. तो वडिलांच्या उशाशी बधिर होऊन बसला होता, शेजाऱ्यांनी उशिरा केली. मी सहा महिने त्याला विचारलंच नाही."

मी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आता तुमचं. खोटं बोललात म्हणून फार राग आला होता. आज सकाळी एसटीत शोधला... सापडला नाही."

"माझा आहे अजून," मी म्हटलं. "साधं पत्र नाही."

"चुकलो. माफ करा."

"केलं."

"मग माझ्याशी लग्न कराल?"

सगळ्या नाशकाला पुरून उरलेली माझी जीभ, तिला एक शब्द सापडेना. पाळकसाहेब हातात ताट धरून आमच्याकडे बघत होते.

"अगं, हो म्हण की," रांगेतून वत्सलाकाकू म्हणाल्या. "सगळे खोळंबलेत."

मी हो म्हटलं, आणि आम्ही रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिलो.